द्रोणांच्या मैदानावर न शिकवलेला धडा

अश्वत्थामा सातपुड्यात राहतो, ही गोष्ट अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात कुणाला सिद्ध करून दाखवावी लागत नाही. धडगाव तालुक्यातला अस्तंबा हा चार हजार फुटांहून उंच डोंगर त्याचे ठिकाण मानला जातो. दिवाळीच्या दिवसांत, धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे यात्रा भरते. मोलगीसारख्या गावांतून, तळोदा-शहाद्याच्या सपाटीवरून, गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही माणसे ती चढण चढतात. कपाळावरच्या जखमेसाठी तो तेल मागतो, रानात वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असे लोक सांगतात. आमचूर, भगर आणि मोहाच्या फुलांचा बाजार असलेल्या मोलगीच्या परिसरात त्याचे नाव ‘अश्वत्थामा ऋषी’ म्हणून घेतले जाते. महाभारतात मात्र हा ऋषी नाही. झोपेत असलेल्या छावणीवर रात्री तुटून पडणारा, द्रौपदीच्या पाच मुलांना मारणारा आणि शेवटी गर्भावर अस्त्र सोडणारा योद्धा म्हणून तो तिथे उरतो. तो अडाणी लुटारू नव्हता, हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवे. आपल्या वाङ्मयातल्या सर्वांत नामांकित शस्त्रशाळेत तो शिकला होता आणि त्या शाळेच्या आचार्याचा मुलगा होता. म्हणून लष्करी शिक्षणाच्या जागेबद्दलचा एक जुना प्रश्न विचारायला अस्तंब्याच्या पायथ्यासारखी दुसरी योग्य जागा सापडणार नाही. मारायला शिकवणारी जागा धर्म्य केव्हा ठरते? माझे उत्तर असे की, अस्त्र सोडायला शिकवून जी शाळा ते आवरायला शिकवत नाही, आणि कुणाला आवरता येईल याची पारख करत नाही, ती कितीही सुसज्ज असली तरी अपुरी आहे. तिच्या अपुरेपणाचा भार तिथे न शिकलेल्यांवर पडतो.

सुसज्जतेच्या बाबतीत द्रोणांची शाळा उणी नव्हती. आदिपर्वात कुमारांचे शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांच्या परीक्षेसाठी मैदान तयार केले जाते, त्याचे वर्णन एखाद्या बांधकाम खात्याच्या टिपणासारखे तपशीलवार आहे. द्रोण स्वतः जमीन मोजून घेतात. ती सपाट हवी, झाडे-झुडपे नकोत, पाण्याची सोय हवी. शुभ तिथीला बळी देऊन जागा सिद्ध केली जाते, राजासाठी आणि स्त्रियांसाठी प्रेक्षागार उभे राहते, नगरातले श्रीमंत आपापले उंच मंच बांधतात. या वर्णनात कारागीर आहेत, रत्ने आहेत, वाद्ये आहेत. नाही ती फक्त एक परीक्षा, शस्त्र खाली ठेवण्याची. त्याआधीची प्रसिद्ध परीक्षा पाहा. झाडावर कारागिरांनी केलेला खोटा पक्षी बसवलेला आहे आणि आचार्य एकेकाला विचारतात, काय दिसते? ज्याला झाड दिसते, भाऊ दिसतात, गुरू दिसतात, तो नापास. ज्याला पक्ष्याच्या डोक्यापलीकडे काहीच दिसत नाही, तो पास. शाळेच्या भिंतींवर ही गोष्ट आपण एकाग्रतेचा वस्तुपाठ म्हणून रंगवतो. नेमबाजीसाठी ती रास्तही आहे. पण आजूबाजूला कोण उभे आहे हे न दिसणे हाच जिथे गुण ठरतो, तिथे ते कधी दिसले पाहिजे, हेही कुणीतरी शिकवायला हवे होते. त्या मैदानावर ते कुणी शिकवले नाही. प्रवेश आणि सवलतींचे म्हणाल, तर आचार्य बाकीच्या शिष्यांना पाणी आणायला अरुंद तोंडाचे कमंडलू देत आणि आपल्या मुलाला रुंद तोंडाचा घडा. घडा लवकर भरे, मुलगा लवकर परते, आणि इतर येईपर्यंत त्याला चार गोष्टी जास्त शिकवता येत. अर्जुनाच्या हे लक्षात आले आणि त्याने वारुणास्त्राने कमंडलू भरून टाकला, ही त्याची हुशारी. शाळेचा पक्षपात त्यामुळे कमी होत नाही.

याच शाळेने एकलव्याला दारातून परत पाठवले. कारण महाभारत लपवत नाही: तो निषादांचा मुलगा होता, आणि इतर शिष्यांचा विचार करून द्रोणांनी त्याला घेतले नाही. पुढे अरण्यात काय घडले ते आपण अंगठ्याच्या दिशेने वाचत जातो, त्यामुळे कुत्र्याकडे दुर्लक्ष होते. पांडवांचा कुत्रा काळ्या, मळकट, कातडी नेसलेल्या माणसावर भुंकतो. एकलव्य त्याच्या तोंडात एकदम सात बाण मारतो आणि भुंकणे थांबते. कुत्रा मेला असे व्यास सांगत नाहीत, तो तोंडात बाण घेऊन पांडवांकडे परत येतो. पांडवांनी त्यात हाताचे लाघव पाहिले, आवाजावरून वेध घेणे पाहिले, आणि ते थक्क झाले. मला त्यात तिसरी गोष्ट दिसते, जी त्यांना शिकवली गेलेली नव्हती: जेवढे हवे तेवढेच करून थांबणे. भिल्लांचा तीरकामठा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना याचे फार नवल वाटणार नाही. कामठी बांबूची, तिची दोरीही बांबूच्या सालीची, आणि पाखरांसाठी वापरायचा तीर बोथट टोकाचा, कारण पाखरू पाडायचे असते, फाडायचे नसते. भिल्ल आजही अंगठा न लावता तीर सोडतात आणि ते एकलव्याच्या स्मरणार्थ, असे सांगितले जाते. जागतिक स्पर्धांमधले धनुर्धरही दोरी तीन बोटांनीच ओढतात, त्यामुळे या सांगण्यावर फार भार टाकू नये. पण ज्या देशात उत्तम क्रीडा प्रशिक्षकाला 1985 पासून द्रोणाचार्य पुरस्कार मिळतो आणि आदिवासी मुलांच्या सरकारी निवासी शाळांना एकलव्याचे नाव असते, त्या देशाने ही दोन नावे शेजारी ठेवताना जरा अडखळायला हवे होते. प्रवेशाचा प्रश्न तसा जुना झालेला नाही. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींना देता यावी यासाठी 2021 साली सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

आता शाळेच्या लाडक्या विद्यार्थ्याकडे वळू. सौप्तिक पर्वात कृष्ण सांगतो की, ब्रह्मशिर अस्त्र द्रोणांनी अर्जुनाला प्रसन्न होऊन दिले. अश्वत्थाम्याला ते सहन झाले नाही आणि त्यानेही मागितले. द्रोणांनी ते दिले, पण मनापासून नाही. कितीही मोठे संकट आले तरी हे वापरायचे नाही, माणसांवर तर नाहीच, असे बजावून दिले. इतकेच नव्हे, तू सज्जनांच्या मार्गावर टिकणारा नाहीस, हेही त्याच वेळी सांगितले. म्हणजे आचार्याने पारख केली होती, ती अचूक होती, आणि तिच्याविरुद्ध जाऊन त्याने प्रमाणपत्र दिले. पुढे गवताच्या काडीवर तेच अस्त्र सोडले जाते. अर्जुनही आपले सोडतो, ते समोरच्याचे शमवण्यासाठी. मध्ये नारद आणि व्यास उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र परत घेतो. अश्वत्थामा म्हणतो, भीमाच्या भीतीने मी सोडले, आता मला परत घेता येत नाही. ते उत्तरेच्या गर्भावर जाते. एकच गुरू, एकच विद्या, आणि अगदी उलटे दोन शेवट. व्यासांचे स्पष्टीकरण असे की, हे अस्त्र परत घेणे ही हातचलाखी नाही. ज्याचा स्वतःवर ताबा नाही त्याने ते मागे घेऊ पाहिले तर ते त्याचेच मस्तक छेदते. मग अर्जुनाला हा ताबा कुठे मिळाला? मैदानावर नव्हे. वनपर्वात तो दिव्यास्त्रे घेऊन परत येतो आणि भावांना दाखवण्यासाठी ती चालवू लागतो. पृथ्वी कापू लागते, तेव्हा नारद येऊन थांबवतात: लक्ष्य नसताना हे वापरायचे नसते. कौतुकाला जमलेल्या प्रेक्षकांसमोर अस्त्र न सोडणे, हा धडा हस्तिनापूरच्या त्या सजवलेल्या रंगभूमीच्या नेमका उलटा आहे. यावरून अरण्य शहाणे आणि शाळा आंधळी, अशी सोपी विभागणी करण्याचा मोह होईल. पण अश्वत्थाम्यालाही रात्रीच्या कत्तलीची कल्पना वनातच सुचली, वडाच्या झाडावर झोपलेल्या कावळ्यांना घुबड मारताना पाहून. रान कुणाला काय शिकवते ते पाहणाऱ्याच्या तयारीवर असते. म्हणून तर तयारीची जागा महत्त्वाची.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ही पुराणकथा आहे, कमंडलू आणि घुबडांवरून आजच्या लष्कराबद्दल निष्कर्ष काढता येत नाहीत. ब्रह्मास्त्राला अणुबॉम्ब म्हणणाऱ्यांमुळे हा आक्षेप रागाने घेतला जातो आणि तो राग मला समजतो. म्हणून खानदेशातलाच इतिहास घेऊ. 1818 मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश कंपनीकडे आला. सातपुड्यातले, सातमाळ्यातले भिल्ल तिला जुमानेनात. फौजा पाठवून झाल्या, नाईकांना पकडून झाले, रोगराईने सैनिक मेले. शेवटी 1825 मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने भिल्लांचीच पलटण उभारायचे ठरवले आणि काम दिले बाविशीतल्या जेम्स औट्रम या लेफ्टनंटला. औट्रम रानात भिल्लांबरोबर राहिला, शिकारीला गेला, दारू पाजली, आणि सुरुवातीला त्याला जेमतेम पाच जण मिळाले. त्यातून खानदेश भिल्ल कोअर उभी राहिली, तिचे मुख्य ठाणे धरणगाव. जी विद्या द्रोणांनी निषादाला नाकारली होती ती इथे भिल्लांना बोलावून, पगार देऊन शिकवली जाऊ लागली: कवायत, गणवेश, बंदूक. औट्रमचे धाडस आणि माणसे जिंकण्याची हातोटी खरी होती. त्याने भिल्लांना इतर शिपायांच्या बरोबरीने वागवले, हेही खरे. पण धरणगावच्या मैदानाचा हेतू काय होता? रानातल्या भिल्लाला कह्यात आणण्यासाठी पलटणीतला भिल्ल तयार करणे. तिथे शिकवली गेली ती शिस्त, आणि शिस्तीला संयम समजण्याची चूक तेव्हापासून आजवर चालत आलेली आहे. शिस्त म्हणजे दुसऱ्याच्या हुकमावर थांबणे. हुकूम सोडण्याचा असेल तर तीच शिस्त न थांबण्याची होते. 1857 च्या धामधुमीत ही पलटण कंपनीच्या बाजूने राहिली. खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली उठलेल्या भिल्लांशी 11 एप्रिल 1858 रोजी सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली, आणि त्यानंतर पकडलेल्या अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या. त्या गोळ्या झाडणारे हात अशिक्षित नव्हते, बेशिस्त तर नव्हतेच. खाज्या नाईक स्वतः पूर्वी सेंधव्याच्या घाटाच्या राखणीला कंपनीच्या चाकरीत होता, हा तपशील मला नेहमी विचारात पाडतो. साम्राज्याने त्याला राखण शिकवली आणि थांबायचे कुठे ते त्याने स्वतः ठरवले.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे आणि तो लष्कराची जाण असलेल्यांकडून येतो. सैनिकाने विचार करत बसावे अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याला मारणे. अस्त्र कधी आवरायचे हा राज्यकर्त्यांचा निर्णय. मैदानावर शिकवायचे ते अचूक आणि त्वरेने सोडायला. क्षणभर घुटमळणारा शिपाई आपल्याबरोबर तुकडीलाही घेऊन जातो. यातला त्वरेचा मुद्दा मला मान्य आहे, पण नेमक्या त्याच कारणाने थांबणेही आधीच अंगवळणी पडलेले असावे लागते. ऐन क्षणी विचाराला वेळ नसतो म्हणून सोडण्याचा सराव हजार वेळा करून घेतला जातो. मग न सोडण्याचा सराव त्याच ऐन क्षणी आपोआप कुठून येणार? अश्वत्थाम्याची अडचण इच्छेची नव्हती, व्यासांसमोर त्याला परत घ्यायचे होते. त्याला ते येत नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर जगातल्या सरकारांना हे कळले होते, असे म्हणायला आधार आहे. 12 ऑगस्ट 1949 रोजी जीनिव्हात चार करार झाले. जखमी, युद्धकैदी आणि नागरिक यांना कसे वागवायचे याचे नियम त्यात आहेत, आणि चारही करारांत एक कलम असे आहे की, या नियमांचा अभ्यास लष्करी शिक्षणाच्या कार्यक्रमात घातला पाहिजे. करार कपाटात ठेवून चालणार नाही, तो कवायतीच्या मैदानावर गेला पाहिजे, हे त्या कलमाचे म्हणणे. भारताने 1960 मध्ये त्यासाठी कायदा केला. योगायोग असा की, करारांवर सह्या झाल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 6 ऑक्टोबर 1949 रोजी, खडकवासल्याला प्रबोधिनीची कोनशिला पंडित नेहरूंनी बसवली. 1955 च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. तिच्या मुख्य इमारतीला सुदानचे नाव आहे, कारण महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी भारतीय जवानांनी केलेल्या बलिदानाची आठवण म्हणून तिथून एक लाख पौंडांची देणगी आली होती. घुमट, धरणाचे पाणी, संचलनाचे विस्तीर्ण मैदान, हे सगळे पाहणाऱ्याचे डोळे दिपवते. ‘सेवा परमो धर्मः’ हे ब्रीदही तिथे आहे. पण प्रशिक्षणस्थळाचा ‘विकास’ मोजायचा झाला तर आपल्या बातम्यांत इमारती, एकर आणि कोटी येतात. युद्धकैद्याला कसे वागवायचे याचे किती तास होतात आणि त्यात कुणी नापास होते का, हे विचारलेले फारसे दिसत नाही. नापास होण्याची सोय नसलेला विषय हा द्रोणांनी मुलाला दिलेल्या सूचनेसारखा असतो: सांगितले होते, एवढेच म्हणता येते.

तिसरा आक्षेप उलट बाजूने, अहिंसेकडून येतो. संयमाने मारा म्हणणे ही पळवाट आहे. मारायला शिकवणारी जागाच मुळात अधर्माची, तिला सुधारता येत नाही, बंद करता येते. हा आक्षेप खानदेशात हलक्याने घेता येणार नाही. विनोबांनी 1932 साली गीतेवरची प्रवचने धुळ्याच्या तुरुंगात दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. नंदुरबारही तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. गंमत अशी की, विनोबा पहिल्याच प्रवचनात अर्जुनाला अहिंसक मानायला नकार देतात. शेकडोंना फाशी दिलेला न्यायाधीश आपला मुलगा समोर आल्यावर फाशी किती अमानुष आहे ते बोलू लागतो, तसे अर्जुनाचे झाले आहे, असा त्यांचा दाखला आहे. जे आपल्या माणसांपुरते जागे होते ते अहिंसा नव्हे, मोह होय. विनोबांची वाट शेवटी शस्त्रच नको इथे जाते आणि ती वाट माझ्या युक्तिवादापेक्षा उंच आहे हे मी नाकारत नाही. पण त्यांचाच निकष मला आज उपयोगी पडतो. शस्त्रशाळा बंद होईपर्यंतच्या काळात, आणि तो काळ लहान दिसत नाही, तिची परीक्षा याच मोहावर घ्यायला हवी. मुलासाठी रुंद घडा आणि परक्यासाठी अंगठ्याची मागणी, ही हिंसा बाण सुटण्याच्या कितीतरी आधीची आहे. ती बंद करायला जगाच्या निःशस्त्रीकरणाची वाट पाहावी लागत नाही.

राहतो जमिनीचा प्रश्न, आणि तो मला या युक्तिवादाच्या बाहेरचा वाटत नाही. झाडे-झुडपे नसलेली सपाट जागा द्रोणांना मिळाली, ती कुणाची होती हे आदिपर्व सांगत नाही. आजच्या तोफांना आणि रणगाड्यांना सरावासाठी मैलच्या मैल लागतात, आणि ती जागा बहुधा कुणाच्या तरी शिवारात, कुरणात किंवा देवाच्या डोंगरात निघते. 1938 च्या कायद्याने सरकारला गावांचा परिसर गोळीबाराच्या सरावासाठी अधिसूचित करता येतो. झारखंडातल्या नेतरहाटला आदिवासींनी 1994 मध्ये लष्कराच्या गाड्या अडवल्या, त्यानंतर तिथे सराव झाला नाही, आणि 2022 मध्ये राज्य सरकारने मुदत वाढवायची नाही असे ठरवले. आपल्याकडे नगरजवळच्या के. के. रेंजमुळे राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतली गावे वर्षानुवर्षे जमीन जाण्याच्या चिंतेत आहेत. राष्ट्राला सरावाची जागा लागते, हे तिथले शेतकरीही नाकारत नाहीत. नंदुरबारच्या डोंगरात तर देशाच्या कामासाठी गाव सोडणे म्हणजे काय ते सरदार सरोवराच्या पाण्याने शिकवलेले आहे. मणिबेलीजवळचे शूलपाणेश्वराचे जुने देऊळ त्या पाण्यात गेले आणि नवे गुजरातेत बांधावे लागले. गोळीबाराच्या सरावात मात्र पाण्यापेक्षा वेगळा धोका आहे. काही गोळे फुटत नाहीत. ते मातीत पडून राहतात, पुढच्या पावसाळ्यात नांगराला लागतात, नाहीतर भंगाराला भाव आहे म्हणून एखादे पोर ते उचलते. सोडलेले आणि परत न घेतलेले अस्त्र ही इथे कथा उरत नाही, ते लोखंड असते, आणि उत्तरेच्या गर्भासारखेच ते लढाईत नसलेल्याला शोधत जाते. झालेल्या नुकसानीची भरपाई देण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. पण भरपाई म्हणजे आवरणे नव्हे. एखाद्या प्रशिक्षणस्थळाच्या विस्ताराचा प्रस्ताव गावापुढे येतो तेव्हा किती हेक्टर आणि किती मोबदला हे विचारले जाते, ते बरोबरच आहे. त्याच बैठकीत हेही विचारले जावे: सराव संपल्यावर न फुटलेले गोळे शोधत शिवार पिंजून काढायला किती माणसे आणि किती दिवस ठेवले आहेत, शिवार मोकळे झाल्याचा दाखला कोण सही करून देणार, आणि तो दाखला चुकीचा निघाला तर त्या सहीवाल्याचे काय होणार?